कॉन्टॅक्टर सारखा जळतोय? नवा आणण्याआधी काय बघायचं, आणि आणायचा तर कोणता

लेथ असो, रेडियल ड्रिल असो की कॉम्प्रेसर, दुकानाच्या काउंटरवर वाक्य एकच ऐकू येतं: "कॉन्टॅक्टर गेलाय, तसलाच दुसरा द्या." कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची लाइन जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच: स्टार्ट दाबला की आतल्या कॉइलला वीज मिळते, चुंबक मिटतो (कॉन्टॅक्टर "ओढतो") आणि मोटर चालू होते. तसलाच दुसरा मिळतो, बसतो आणि दोन-तीन महिन्यांत परत जळतो. चांगल्या कंपनीचा कॉन्टॅक्टर नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. तो वर्षात दोनदा जात असेल तर दोष बहुतेक वेळा त्याच्यात नसतो. व्होल्टेज, ढिला स्क्रू, चुंबकावर बसलेली बिडाची (ओतीव लोखंडाची) भुकटी किंवा मुळातच चुकलेली निवड, यांपैकी काहीतरी असतं. ते न शोधता नुसता माल बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी लक्षण नीट ओळखा

- स्टार्ट दाबला की ओढतो, बोट काढलं की सुटतो. हा होल्डिंगचा दोष आहे. कॉन्टॅक्टर बदलायची गरज बहुतेक नसते.
- ओढलेला असताना सतत मोठ्यानं घूंऽऽ वाजतो. चुंबकाची तोंडं नीट मिटत नाहीत किंवा व्होल्टेज कमी आहे.
- टकटकटक असा थरथरतो. कंट्रोलचा, म्हणजे कॉइलला जाणारा पुरवठा तुटक येतोय. ताबडतोब बंद करा, या थरथरीतच कॉन्टॅक्ट चिकटतात.
- ओढतो, पण मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते. एक फेज येत नाही. चालू ठेवलीत तर थोड्याच वेळात मोटर रिवाइंडिंगला जाईल.
- काहीच होत नाही. एमसीबी, कंट्रोल फ्यूज, ट्रिप झालेला ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट घेऊ लागली की कॉन्टॅक्टर सोडवणारा) किंवा तुटलेली कॉइल.
- कॉइलचं प्लास्टिक तपकिरी, फुगलेलं, जळका वास. कॉइल गेली, पण ती का गेली हा प्रश्न उरतोच.
- स्टॉप दाबूनही मशीन थांबत नाही. यातलं सगळ्यात धोकादायक लक्षण हेच. मेन बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या मशीनवर कुणाला उभं करू नका.

हात घालण्याआधी

स्टार्टरचं स्टॉप बटण दाबणं म्हणजे लाइन बंद करणं नव्हे. कॉन्टॅक्टरच्या वरच्या टर्मिनलांवर ४१५ व्होल्ट तसेच उभे असतात. मशीनचा आयसोलेटर (मेन स्विच) पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, हँडलला कुलूप नसेल तर निदान पाटी लावा. मग मीटरनं तपासा: आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर दाखवतोय का, मग पॅनेलमध्ये तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी, आणि पुन्हा त्या सॉकेटवर. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. पॅनेलमध्ये कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज होईपर्यंत थांबा.

आणखी एक सवय मोडायला हवी. कॉन्टॅक्टर ओढत नाही म्हणून लाइन चालू असताना स्क्रूड्रायव्हरनं तो आत दाबून मशीन चालवतात. तेव्हा स्टॉप, इमर्जन्सी, ओव्हरलोड रिले सगळं बाजूला पडतं आणि मोटर जाम असेल तर ठिणगी थेट तोंडासमोर उडते.

१. एक रुपयाही खर्च नसलेली तपासणी

इमर्जन्सी बटण फिरवून सुटलंय का? ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय का? ट्रिप असेल तर त्याचा ९५-९६ हा संपर्क उघडा असतो आणि कॉइलला पुरवठाच पोचत नाही. रीसेट करा, पण दिवसात दुसऱ्यांदा ट्रिप झाला तर रीसेट करत बसू नका, पुढं टाँगटेस्टरची (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणाऱ्या मीटरची) तपासणी सांगितली आहे ती करा. रिलेवर ऑटो-मॅन्युअल अशी निवड असेल तर ती मॅन्युअलवरच ठेवा. ऑटोवर असेल तर कॉम्प्रेसरसारखं प्रेशर स्विचवर चालणारं मशीन रिले थंड झाल्यावर आपोआप सुरू होतं, आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी हात पट्ट्यात असतो.

शेडमधल्या दिव्यांकडंही बघा. एखादं मोठं मशीन सुरू होताना काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर होत असतील तर न्यूट्रल ढिला आहे. २३० व्होल्टची कॉइल फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलेली असते, त्यामुळं न्यूट्रल हलला की तिला कधी १८० मिळतात, कधी २८०. अशा शेडमध्ये कॉइली किती बदलल्या तरी जळणारच.

२. स्क्रू आणि वायर

लाइन बंद करून प्रत्येक टर्मिनल कसा: १-३-५ (येणारी लाइन), २-४-६ (मोटरकडं जाणारी), ए१-ए२ (कॉइल) आणि १३-१४ (ऑक्झिलरी, म्हणजे मदतीचा छोटा संपर्क). कसून झाल्यावर प्रत्येक वायर हातानं ओढून बघा. मशीनच्या कंपनानं स्क्रू सैल होतात. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. वायरचं इन्सुलेशन टर्मिनलजवळ कडक, काळपट झालं असेल तर तेवढा तुकडा कापून नवं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबा. बारीक तारांची वायर थिंबलशिवाय स्क्रूखाली घातली तर अर्ध्या तारा बाहेर राहतात आणि उरलेल्या अर्ध्या तारांवर सगळा करंट जातो. कसतानाही तारतम्य ठेवा. लहान कॉन्टॅक्टरचा स्क्रू दात ओठ खाऊन कसला की आटे जातात किंवा प्लास्टिकला तडा पडतो.

बटण सोडल्यावर सुटणारा कॉन्टॅक्टर इथंच बरा होतो. १३-१४ हा एनओ (एरवी उघडा) संपर्क स्टार्ट बटणाला समांतर असतो, कॉन्टॅक्टर ओढला की तोच कॉइलचा पुरवठा धरून ठेवतो. लाइन बंद असताना तिथल्या वायरी काढून मीटर लावा आणि कॉन्टॅक्टर हातानं दाबा. ओहम शून्याजवळ आले पाहिजेत. अस्थिर आकडा येत असेल तर संपर्क मळला आहे. बाजूला किंवा वर चिकटणारा ऑक्झिलरी ब्लॉक मिळतो, तेवढाच लावा.

३. कॉइलवरचं व्होल्टेज, तेही ओढतानाचं

कॉन्टॅक्टरनं कॉइलच्या लिखित व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत खात्रीनं ओढलं पाहिजे, असं प्रमाण आहे. म्हणजे २३० च्या कॉइलला किमान १९५, ११० च्या कॉइलला ९३ आणि ४१५ च्या कॉइलला ३५३ व्होल्ट. हे मोजमाप चालू लाइनवर होतं, त्यामुळं ते वायरमननंच करावं. मीटर ए१-ए२ ला लावून स्टार्ट दाबायचा आणि ओढण्याच्या क्षणी आकडा किती खाली जातो ते बघायचं. मशीन बंद असताना आलेल्या २३० ला इथं काही अर्थ नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते, त्या झटक्यात लांब आणि बारीक केबलवर व्होल्टेज कोसळतं, कॉइल सुटते, मोटरचा भार गेला की व्होल्टेज परत येतं, कॉइल पुन्हा ओढते. टकटक ती हीच.

थेट पुरवठ्यातच खोट असेल तर महावितरणकडं तक्रार करा. एलटीला (लो टेन्शन जोडणीला) ४१५ च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण ३९० ते ४४० इतकं चालतं. पुरवठा ठीक आणि ए१-ए२ वर कमी, असं असेल तर दोष आपल्याच वायरिंगमध्ये आहे: मळलेलं स्टॉप बटण, लिमिट स्विच किंवा थकलेला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर (कॉइलसाठी व्होल्टेज उतरवणारा).

४. चुंबक उघडा

कोल्हापुरात ही तपासणी वगळून चालणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल, जिथं जाल तिथं बिडाचं काम. बीड बहुधा कोरडंच कापतात, त्याची काळी भुकटी उडते. ती दुहेरी त्रास देते: लोखंड असल्यामुळं चुंबकाला चिकटते आणि त्यात ग्राफाइट असल्यामुळं वीजही थोडीफार वाहून नेते.

लहान कॉन्टॅक्टरचे दोन स्क्रू किंवा क्लिपा काढल्या की वरचा भाग सुटतो आणि ई आकाराचे दोन चुंबक दिसतात, एक स्थिर आणि एक हलता. स्प्रिंग उडून जाते, ती हाताशी धरा, आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चुंबकाच्या तोंडावर बोट फिरवा. बोटाला काळं, मखमलीसारखं काही लागलं तर घूं आवाजाचं कारण सापडलं. एवढ्या पातळ थरानंही चुंबक पूर्ण मिटत नाही. मिटला नाही की एसी कॉइल जास्त करंट खाते, कारण तिचा करंट नुसत्या तारेच्या ओहमवर नाही, चुंबक मिटण्यावर ठरतो. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँप) घेते आणि मिटल्यावर ७-८ वर येते. अर्धवट मिटलेली कॉइल या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी तासन्‌तास तापत राहते.

सुक्या कापडानं तोंडं पुसा, हट्टी मळ असेल तर कापडाला थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर लावा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको. तेलावर भुकटी बसून चिकट लगदा होतो आणि मग स्टॉप दाबल्यावरही चुंबक सुटत नाही. तोंडावर पॉलिश पेपर मारून ती "गुळगुळीत" करू नका, ती कारखान्यातच घासून जुळवलेली असतात. पावसाळ्यात पॅनेलमध्ये ओल धरते, तेव्हा गंजाचे ठिपकेही बघा.

तोंडाच्या कडेला खाचेत बसवलेलं तांब्याचं बारीक कडं दिसेल, त्याला शेडिंग रिंग म्हणतात. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्या क्षणी चुंबक सुटू नये म्हणून ते कडं असतं. ते तडकलं असेल तर कितीही पुसा, आवाज जाणार नाही. कॉन्टॅक्टर बदलावाच लागेल.

बंद करताना पॅनेलची भोकंही बुजवा. ग्लँड न लावलेल्या केबलच्या भोकातून भुकटी येते, झुरळं येतात आणि पालही येते. चुंबकात चेंगरलेली पाल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

५. मुख्य कॉन्टॅक्ट

चांदीच्या मिश्रधातूच्या टिकल्या काळ्या पडल्या म्हणून घाबरू नका, ते काळेपण वीज अडवत नाही. कानशीनं घासून चकाकवल्या तर उलट महागाची चांदी जाते आणि तिन्ही पोलांची (तीन फेजच्या संपर्कांची) उंची वेगवेगळी होते. टिकली झिजून खालचं तांबं दिसत असेल, मोठा खड्डा असेल किंवा टिकल्या चिकटून सुटलेल्या दिसत असतील तर बदला. मोठ्या कॉन्टॅक्टरना कॉन्टॅक्ट किट मिळतं, ९-१२ अँपच्या लहानग्यांत मात्र तो खटाटोप परवडत नाही. एकच पोल जास्त खाल्ला असेल तर त्याच फेजची वायर आधी तपासा.

लाइनमध्ये शॉर्ट होऊन फ्यूज किंवा एमसीबी गेला असेल तर मशीन परत सुरू करण्याआधी कॉन्टॅक्ट उघडून बघाच. शॉर्टमध्ये टिकल्या चिकटल्या असू शकतात.

६. कॉइल आणि मोटर

कॉइलचे ओहम मोजायचे तर दोन्ही वायरी काढून. लहान मॉडेलच्या २३० च्या कॉइलला काहीशे ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, फार कमी दाखवत असेल तर आतून शॉर्ट. एकाच मॉडेलची ११० ची कॉइल २३० च्या साधारण पाव ओहमची असते आणि ४१५ ची तिप्पटीहून जास्त. लेबल जळून गेलेल्या कॉइलीचा अंदाज यावरून बांधता येतो. कॉन्टॅक्टर बाकी धड असेल आणि मॉडेल चालू असेल तर नुसती कॉइल मागा, बरीच स्वस्त पडते.

मग टाँगटेस्टर. मशीन भारावर चालवून तिन्ही फेजचा करंट घ्या आणि मोटरच्या नेमप्लेटशी ताडून बघा. करंट जास्त किंवा फेजमध्ये ठळक फरक असेल तर बेअरिंग, पट्ट्याचा ताण, बोथट टूल, मोटरचं वाइंडिंग यांत कुठंतरी दुखणं आहे. बिचारा कॉन्टॅक्टर फक्त भोगतोय.

बदलायचाच असेल तर: काउंटरवर काय सांगायचं

"पाच एचपीचा द्या" एवढ्यानं काम होत नाही. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून न्या, शिवाय जुना कॉन्टॅक्टर आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो.

पहिली, एसी-३ चे अँप. एकाच कॉन्टॅक्टरवर दोन आकडे छापलेले असतात. एसी-१ हा हीटरसारख्या भाराचा आकडा आणि एसी-३ मोटरचा. ९ अँपच्या कॉन्टॅक्टरवर एसी-१ पुढं २५ लिहिलेलं सापडतं आणि तोच आकडा धरून तो १० एचपीच्या मोटरवर लावला जातो. ४१५ व्होल्टला ३ एचपीची मोटर साधारण ५ अँप घेते, ५ एचपीची साडेसात, साडेसात एचपीची ११ आणि १० एचपीची १४-१५. नेमप्लेटचा आकडा आला तर तोच खरा. त्याच्या वरचा एक माप घ्या: ५ एचपीला १२ अँप, १० एचपीला १८. खुशाल घ्या, इथं काटकसर नको.

रेडियल ड्रिलवर टॅपिंग चालत असेल किंवा लेथवर सारखं इनचिंग (थोडं थोडं फिरवणं) आणि उलट-सुलट होत असेल तर हिशेब बदलतो. त्याला एसी-४ म्हणतात. एसी-३ मध्ये मोटर पूर्ण वेगात असताना तोडायची असते, एसी-४ मध्ये दर वेळी सहापट करंट तोडायचा असतो. तिथं नुसता एक माप वर जाऊन भागत नाही, कंपनीच्या तक्त्यातला एसी-४ चा रकाना बघायचा.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी करंटवर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) असेल तर तिन्ही कॉन्टॅक्टर सारखे लागत नाहीत. २० एचपीचा कॉम्प्रेसर लाइनमधून २८ अँप घेतो. मेन आणि डेल्टावर त्याच्या ५८ टक्के, म्हणजे १६ अँप, आणि स्टारवर ३३ टक्के, म्हणजे ९ च्या आसपास. मेन-डेल्टाला १८ आणि स्टारला १२ पुरतात. ओव्हरलोड रिले मेनच्या खाली असेल तर तोही २८ वर नाही, १६ वर लावायचा. या एका चुकीनं अनेक मोटरी जळतात.

दुसरी, कॉइलचं व्होल्टेज, आणि एसी की डीसी. हे एचपीवरून कळत नाही. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर लावणाऱ्या) स्टार्टरमध्ये ४१५ किंवा २३०, जुन्या मशीन टूलमध्ये कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवर ११०, सीएनसीमध्ये बहुधा २४ डीसी. छाप कॉइलवर, ए१-ए२ जवळ असते. ११० ची कॉइल २३० वर क्षणात जळते, २३० ची ११० वर ओढतच नाही. एसी कॉइल डीसीवर लावली तरी जळते. श्नायडरच्या एलसी१डी मालिकेत शेवटची दोन चिन्हं हेच सांगतात: बी७ म्हणजे २४ एसी, एफ७ म्हणजे ११०, एम७ म्हणजे २२०, एन७ म्हणजे ४१५, बीडी म्हणजे २४ डीसी. बाहेरून आलेल्या जुन्या मशीनवर कॉइल ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती जास्त तापते, ५० ची किंवा ५०/६० ची मागा.

तिसरी, ऑक्झिलरी किती आणि कसले. जुन्यावर १३-१४ आणि २१-२२ दोन्ही वापरात असतील आणि नव्यावर एकच असेल तर वेगळा ब्लॉक त्याच वेळी घ्या. फॉरवर्ड-रिव्हर्सच्या जोडीत २१-२२ हा एनसी (एरवी मिटलेला) संपर्क इंटरलॉकचा, म्हणजे दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढू न देणारा असतो. तो "जागा नाही" म्हणून सोडून दिला आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले तर थेट दोन फेजचा शॉर्ट. मेकॅनिकल इंटरलॉक असेल तर दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच मालिकेचे लागतात, एक बदलून चालत नाही.

चौथी, ओव्हरलोड रिले. खाली दांड्यांनी अडकणारा रिले त्याच मालिकेच्या कॉन्टॅक्टरला बसतो. कंपनी बदलली तर रिलेही बदलावा लागतो किंवा वेगळा बेस घ्यावा लागतो. दांड्या वाकवून बसवलेला रिले तापतो आणि उगाच ट्रिप होतो.

पाचवी, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा व्हीए. "मोठा बसवला की टिकतो" या समजुतीनं १२ च्या जागी ५० अँपचा लावतात. अशा मोठ्या कॉइलला ओढताना २०० व्हीएच्या घरात लागतात. आत ट्रान्सफॉर्मर १०० चा, तो दबतो आणि नवा करकरीत कॉन्टॅक्टर पहिल्याच दिवशी थरथरतो.

जुन्या मालिकांचं म्हणाल तर सीमेन्सचे ३टीबी आणि ३टीएफ शोधत फिरू नका, त्यांच्या जागी ३आरटी आहेत. एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडरकडं गेला आणि २०२४ पासून तो माल लॉरिट्झ नुडसेन या नावानं येतो. डब्यावर नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच नकली समजू नका. नकली माल मात्र बाजारात आहेच, म्हणून अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. भंगारातला जुना कॉन्टॅक्टर सुट्ट्या स्प्रिंगसाठी घ्या हवा तर, मशीनवर चढवू नका.

इथं थांबा, परवानाधारक ठेकेदाराला बोलवा

- स्टॉपनं मशीन थांबत नाही आणि चुंबक, कॉन्टॅक्ट दोन्ही ठीक दिसतात. कंट्रोलची वायर कुठंतरी बॉडीला टेकून अर्थ झालीय.
- न्यूट्रल हलतोय किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिणतं.
- ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) मोटर एक मेगओहमच्या खाली दाखवते.
- नवा कॉन्टॅक्टर महिन्याभरात जळला.
- पॅनेलमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा) किंवा प्रेसचं सेफ्टी सर्किट आहे. पॉवर प्रेसला तर ठेकेदाराखेरीज कुणी हात लावू नये.
- वायरी कुणीतरी आधीच बदलल्या आहेत आणि मशीनचं सर्किट डायग्राम नाही.

बसवल्यावर

जुना काढताना प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी लावा. नवा बसल्यावर आधी मोटरच्या तीन वायरी काढून ठेवा, त्यांची टोकं टेपनं झाका आणि नुसता कॉन्टॅक्टर दहा वेळा ओढून-सोडून बघा. आवाज एकच यायला हवा, टप् असा. स्टॉप, इमर्जन्सी आणि रिलेचं टेस्ट बटण, तिन्हींनी तो सुटतोय का ते बघा. मग मोटर जोडा, फिरण्याची दिशा तपासा, रिले नेमप्लेटच्या करंटवर (स्टार-डेल्टात मेनच्या खाली असेल तर त्याच्या ५८ टक्क्यांवर) लावा आणि अर्धा तास भारावर चालवा. लाइन बंद करून टर्मिनलजवळच्या वायरी बोटानं चाचपा, एखादी बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिचा स्क्रू पुन्हा कसा. शेवटी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, मॉडेल, कॉइलचं व्होल्टेज आणि रिलेचं सेटिंग लिहून ठेवा. पुढच्या वेळी रात्रपाळीला जो कुणी दार उघडेल, त्याला जळलेल्या कॉइलीवरचं अक्षर टॉर्चनं लावत बसायला नको.